ओडेसाची दंगल आणि साखऱ्याची लस

मराठवाड्याच्या उत्तर कडेला हिंगोली जिल्हा आहे आणि त्यातल्या सेनगाव तालुक्यात साखरा नावाचे गाव आहे. हे गाव आपल्या जागेवरून तसूभरही हललेले नाही; पण राज्ये मात्र त्याच्यावरून किती तरी बदलून गेली. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. पोलिस कारवाईनंतर ते स्वतंत्र भारताच्या हैदराबाद राज्यात आले. १ नोव्हेंबर १९५६ ला ते द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, १ मे १९६० ला महाराष्ट्रात आले आणि १ मे १९९९ ला परभणी जिल्ह्याची वाटणी होऊन नव्या हिंगोली जिल्ह्यात दाखल झाले. म्हणजे एखादा म्हातारा आपल्या ओसरीवरून न उठता पाच कारभार पाहून गेला म्हणायचा!

अशा गावाला राज्य बदलले म्हणजे काय होते, हे मी सांगायला नको. कचेरीतली उर्दू जाऊन मराठी येते, हातातला हाली सिक्का जाऊन दुसरा रुपया येतो, तक्रार कुणाकडे न्यायची ते ठिकाण बदलते. राजा बोले आणि दळ हाले, ही म्हण आपण उगाच करून ठेवलेली नाही. पण हे झाले आपल्याच राज्याविषयी. मला आज बोलायचे आहे ते परक्या राज्यांविषयी. हजारो कोसांवर कुणी राजा मारला जातो, कुठे सत्ता पालटते, कुठे नवे राष्ट्र जन्माला येते. आणि त्याचा परिणाम आपल्या गावच्या दवाखान्यापर्यंत, आपल्या लेकराच्या दंडापर्यंत येऊन पोचतो. हे कसे होते, ते आपण जरा पाहू.

लसीकरणाच्या दिवशी आशाताई घरोघर निरोप देतात, नर्सबाई थंड पेटी घेऊन येतात, आया मुलांना काखेत घेऊन जमतात. मुले रडतात, आया समजूत घालतात. या पेटीतल्या बाटल्या आल्या कुठून, असे विचारले तर उत्तर मिळेल, “सरकारकडून.” उत्तर खोटे नाही. पण ते झाले वाटेवरच्या शेवटच्या मुक्कामाचे नाव. ही वाट उलट चालत गेलो, तर मुंबईत परळला पोचतो, तिथून पॅरिसला, आणि पॅरिसहून थेट काळ्या समुद्राच्या काठी वसलेल्या ओडेसा नावाच्या बंदरात. हे शहर आता युक्रेनमध्ये आहे. त्या काळी ते रशियाच्या बादशहाच्या म्हणजे झारच्या राज्यात होते.

१३ मार्च १८८१ रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे क्रांतिकारकांनी झार दुसरा अलेक्झांडर याच्यावर बाँब टाकून त्याला ठार केले. त्याचा मुलगा गादीवर आला आणि कारभाराचा नूर एकदम पालटला. राजाच्या खुनाचा राग निघाला तो ज्यू लोकांवर. गावोगावी त्यांची घरेदुकाने लुटली गेली. ओडेसातही दंगल झाली. त्या शहरातल्या विद्यापीठात वाल्डेमार हाफकिन नावाचा एकवीस वर्षांचा ज्यू विद्यार्थी प्राणिशास्त्र शिकत होता. आपल्या लोकांची घरे वाचवण्यासाठी तरुणांनी जे संरक्षक दल उभारले होते त्यात तो होता. त्याला अटक झाली. त्याचे गुरू मेचनिकॉफ हे मोठे शास्त्रज्ञ. त्यांनी खटपट करून त्याला सोडवले. पुढे हे गुरूही विद्यापीठातल्या राजकीय जाचाला कंटाळले आणि १८८२ साली राजीनामा देऊन मोकळे झाले. शिष्याला सांगण्यात आले की, तू आपला धर्म सोडशील तर तुला वरची जागा मिळेल. त्याने धर्म सोडला नाही. १८८८ साली देश सोडला.

पॅरिसला पाश्चर यांची संस्था नुकतीच सुरू झाली होती. तिथे हाफकिनना जी जागा मिळाली ती ग्रंथालयातली. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे, असे करीत त्यांनी पटकीवरची, म्हणजे कॉलऱ्यावरची लस तयार केली. १८ जुलै १८९२ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. आता ती माणसांवर मोठ्या प्रमाणावर वापरून पाहायची होती. त्या वर्षी रशियात पटकीचा कहर चालू होता. तिथे ती वापरण्याची परवानगी काही मिळाली नाही. हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटिश वकील होते. त्यांच्या शब्दामुळे हाफकिनना हिंदुस्थानचे दार उघडले. १८९३ च्या मार्चमध्ये ते कलकत्त्याला उतरले आणि पुढच्या दोन-अडीच वर्षांत त्यांनी चाळीस हजारांहून अधिक माणसांना लस टोचली. रशियाने ज्या माणसाला घराबाहेर घालवले, त्याच्या विद्येचा लाभ पहिल्यांदा झाला तो आग्रा, कलकत्ता, आसाम इथल्या माणसांना.

मग आला तो प्लेग. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. शहर निम्मे रिकामे झाले. सरकारने हाफकिनना कलकत्त्याहून बोलावून घेतले. ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक खोली आणि तिच्यापुढची ओसरी, हीच त्यांची प्रयोगशाळा. हाताखाली माणसे थोडी, वेळ त्याहून थोडा. तीन महिन्यांत लस सिद्ध झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती, आपल्या नेमाप्रमाणे, आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी आपखुशीने पुढे आले आणि लशीचा गुण दिसून आला.

इथे जरा थांबून एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. लस गुणकारी होती, पण ती देणारा हात परक्या सत्तेचा होता. त्याच वर्षी साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात गोरे शिपाई घरात शिरून रोगी शोधू लागले, देवघर म्हणाले नाहीत की माजघर म्हणाले नाहीत. लोक चिडले, आणि २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. ज्या सरकारवर विश्वास नाही त्याच्या औषधावर तरी कसा बसणार? लशीविषयी नाही नाही त्या कंड्या उठल्या. त्याच शहरात सावित्रीबाई फुले आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या दवाखान्यासाठी रोग्यांची ने-आण करीत होत्या आणि त्यातच १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. त्यांच्या हाताला लोकांनी विरोध केला नाही, कारण तो हात आपला होता. औषधाबरोबर ते देणाऱ्याची सत्ताही घरात येत असते, हे खेड्यातल्या माणसाला चांगले कळते. त्याचे शंका घेणे नेहमीच अडाणीपणाचे असते असे नाही. शिक्षकबंधूंनी आणि आरोग्यखात्यातल्या मंडळींनी एवढे ध्यानात ठेवले, तर लोकांशी बोलण्याची त्यांची भाषा आपोआप बदलेल.

हाफकिन यांनाही या सत्तेचा चटका बसला. १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस घेतलेल्यांपैकी १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका आला तो परक्या देशातून आलेल्या या ज्यू शास्त्रज्ञावर. त्यांना कामावरून दूर केले गेले. वास्तविक दोष प्रयोगशाळेचा नव्हता. बाटली गावात उघडताना ती दूषित झाली होती. हे सिद्ध होऊन ते निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडले. पुढे त्यांनी हिंदुस्थान सोडला आणि १९३० साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांचा अंत झाला.

माणूस गेला, पण त्याच्या हातून एक गोष्ट इथे रुजली होती. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर-निवासात आली होती. १९२५ साली तिला त्यांचे नाव देण्यात आले. तीच हाफकिन संस्था. तिथे आपली माणसे शिकली, तयार झाली. १९३२ पासून साहिब सिंग सोखी हे तिचे संचालक होते. पटकी-प्लेगच्या लशी, सर्पदंशावरचे औषध, पुढे पोलिओचे थेंब, असे कितीतरी या परळच्या आवारातून गेले. पावसाळ्यात बांधावर साप चावला आणि दवाखान्यात वेळेवर इंजेक्शन मिळून माणूस वाचला, असे आपण ऐकतो. या औषधाचा इतिहास सांगायचा तर परळच्या या संस्थेचे नाव घ्यावेच लागते. झारने हाकलले, इंग्रजाने अपमान केला, पण संस्था मात्र राहिली. झारशाही गेली, इंग्रज गेले, तरी राहिली.

आता याच्या उलट गोष्ट ऐका. हिवतापावरचे जुने औषध म्हणजे क्विनाईन. आपल्याकडे त्याला कोयनेल म्हणत. हे औषध सिंकोना नावाच्या झाडाच्या सालीपासून निघते. ही झाडे मूळची दक्षिण अमेरिकेतली; डच लोकांनी ती आपल्या ताब्यातल्या जावा बेटावर लावली आणि जगातल्या कोयनेलपैकी सुमारे नऊदशांश एका जावातून येऊ लागले. हिंदुस्थानात निलगिरीला आणि दार्जिलिंगकडे थोडी लागवड होती, पण ती पुरी पडणारी नव्हती. १९४२ च्या मार्चमध्ये जपानने जावा जिंकला आणि ही वाट एकाएकी बंद झाली. ताप आमच्या खेड्यात, झाड जावात आणि निर्णय टोकियोत! बाजारात कोयनेल मिळेना. मिळाले तर महाग, आणि महाग असूनही अस्सल असेल याची खात्री नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दर वर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि आठ लाख माणसे त्याने दगावत, असा तेव्हाचा अंदाज होता. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिण्याची सवय लागली की ओंजळ मिटताच घसा कोरडा पडतो.

स्वातंत्र्यानंतर काय झाले? जगात दोन तट पडले होते, एक अमेरिकेचा आणि एक रशियाचा. नव्या स्वतंत्र झालेल्या देशांचे मन आपल्याकडे वळवावे अशी दोघांची इच्छा. त्यांच्या या चुरशीतून पुष्कळ अनर्थ झाले, पण आरोग्याच्या बाबतीत आपल्या पदरात काही चांगलेही पडले. १९५३ साली हिवताप नियंत्रणाची राष्ट्रीय योजना सुरू झाली, तिला अमेरिकेने डी.डी.टी., फवारे आणि वाहने दिली. ज्यांचे वय आता सत्तरीच्या पुढे आहे त्यांना पाठीवर पंप घेतलेले फवारणीवाले आणि भिंतीवर लिहिलेल्या फवारणीच्या तारखा आठवत असतील. घरातल्या बायका सण आला की त्या भिंती सारवून टाकीत आणि फवारणीवाले कपाळाला हात लावीत! तरीही काम झाले. १९६५ साली देशात हिवतापाचे रोगी लाखभरावर आले.

आणि मग? १९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झाले तेव्हा अमेरिकेने मदत थांबवली, १९७१ च्या डिसेंबरातही पुन्हा तेच झाले. डी.डी.टी. वेळेवर न येणे हे हिवताप उलटण्याचे एक कारण झाले. ते एकच कारण होते असे मात्र म्हणता येणार नाही. डास त्या औषधाला सरावले होते, शहरांकडे दुर्लक्ष झाले होते, आणि रोग गेलाच म्हणून आपले आपणच ढिले पडलो होतो. परिणाम असा की १९७६ साली रोग्यांची संख्या ६४ लाखांवर गेली.

याच काळात आपल्या धुरीणांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. नुसता माल मागण्याऐवजी त्यांनी माल करण्याची विद्या मागितली. युनिसेफने यंत्रे दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञ दिले, आणि पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली स्थापन झाला. १९५५ पासून तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. दिल्लीत डी.डी.टी.चा कारखाना निघाला तोही असाच. वेगळ्या राजवटींच्या मदतीने झालेले हे कारखाने कोणाच्या राजवटीबरोबर परत गेले नाहीत.

आता देवीची गोष्ट. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांचा दंड पाहा, त्यावर देवी काढल्याचे गोल वण दिसतील. आजच्या मुलांच्या दंडावर ते नाहीत, कारण तो रोगच जगातून गेला. या घटनेच्या मुळाशी देखील एक सत्तांतर आहे. जागतिक आरोग्य संघटना १९४८ साली स्थापन झाली, पण पुढच्याच वर्षी रशिया तिच्यातून बाहेर पडला. १९५३ च्या मार्चमध्ये स्टालिन वारला, तिथला कारभार बदलला आणि काही वर्षांनी रशिया संघटनेत परत आला. १९५८ साली अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरी संघटनेची सभा भरली. तिथे रशियाचे उपआरोग्यमंत्री विक्टर झ्दानोव्ह यांनी ठराव मांडला की, देवीचा रोग साऱ्या जगातून नाहीसा करावा. रशियाने भारताला लशीच्या कोट्यवधी मात्रा दिल्या. भारताने १९६२ साली देवी निर्मूलनाची योजना हाती घेतली. १९६७ पासून जगातल्या मोहिमेचे प्रमुख होते अमेरिकेचे डॉ. हेंडरसन. एकमेकांवर अणुबाँब रोखून बसलेले दोन देश साखऱ्यासारख्या खेड्यांतल्या पोरांच्या दंडापाशी मात्र एकत्र आले, असे हे नवल!

पण राजकारण एक हाताने देते तसे दुसऱ्या हाताने नेते. पूर्व पाकिस्तानातली देवी १९७० च्या ऑगस्टमध्ये संपली होती. १९७१ साली तिथे लष्कराने अत्याचार सुरू केले आणि सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. छावण्यांत देवी पसरली. डिसेंबरात बांगलादेश स्वतंत्र झाला, लोक आनंदाने घरी परतले आणि त्यांच्याबरोबर रोगही परत गेला. भारतातला देवीचा शेवटचा रोगी १९७५ च्या मे महिन्यात सापडला, तोही बांगलादेशातूनच आलेला होता. अखेर ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली.

याच निर्वासितांच्या छावणीत आणखी एक गोष्ट घडली आणि ती तर आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आली आहे. बंगालमध्ये सरहद्दीवर बनगाव इथे पटकीने माणसे धडाधड मरत होती. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते. तिथे डॉ. दिलीप महालनबीस काम करीत होते. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा यांचे ठरावीक मिश्रण पाण्यात कालवले, पिंपे भरून ठेवली आणि रोग्याच्या नातेवाइकांनाच सांगितले की, पेला भरून पाजत राहा. दर शंभरातली तीसच्या आसपास माणसे मरत होती, ती चारांहूनही कमी मरू लागली. आज हगवण लागलेल्या मुलासाठी आशाताई जी पुडी देतात ती याच धर्तीच्या मिश्रणाची. पुडी हाताशी नसेल तेव्हा एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजत राहावे, आणि पुडी मिळताच पुडी द्यावी. ढाक्यातल्या उठावाने जगाला ही युक्ती पटवून दिली. नावातच साखर असलेल्या साखऱ्याने तरी ती विसरू नये.

आतापर्यंत आपण पाहिले ते दुसऱ्यांच्या राजकारणाचा आपल्यावर काय परिणाम झाला ते. आता आरसा आपल्याकडे फिरवू. परळच्या हाफकिन संस्थेत औषधी रक्तजल म्हणजे सीरम तयार करायला घोडे लागत. घोड्याला थोडे थोडे विष टोचायचे आणि त्याच्या रक्तातून औषध काढायचे, अशी ती रीत. पुण्याचे पूनावाला कुटुंब शर्यतीचे घोडे पाळीत असे. शर्यतीतून उतरलेले घोडे ते या संस्थेकडे पाठवीत. घोडे आपले, तर सीरमही आपणच का करू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट काढली. पुढे ती मात्रांच्या संख्येने जगातली सर्वांत मोठी लस करणारी संस्था झाली. म्हणजे ओडेसात सुरू झालेला हा धागा पॅरिस, परळ असा फिरत हडपसरला येऊन पोचला.

२०२१ सालच्या जानेवारीत पुण्याची कोरोनाची लस परदेशी जाऊ लागली. गरीब देशांसाठी जागतिक पातळीवर कोव्हॅक्स नावाची जी योजना केली होती तिची मोठी मदार याच पुरवठ्यावर होती. एप्रिलमध्ये आपल्याकडे दुसरी लाट आली. प्राणवायूसाठी माणसे दारोदार फिरत होती, ते दिवस कोण विसरेल? आपल्या सरकारने लशीची निर्यात थांबवली. आधी आपल्या लोकांना द्यावी, हा विचार घरच्या कर्त्या माणसाला पटण्यासारखाच होता. पण आफ्रिकेतल्या कित्येक देशांत पहिली मात्रा घेतलेली माणसे दुसऱ्या मात्रेसाठी महिनोन् महिने ताटकळत राहिली. कोव्हॅक्सकडे निर्यात पुन्हा सुरू झाली ती नोव्हेंबरच्या अखेरीस. त्याच एप्रिलमध्ये पुण्याचे कारखानदार अमेरिकेला विनवीत होते की, लशीला लागणारा कच्चा माल अडवू नका. कारण तिथल्या सरकारने आपल्या कारखान्यांना अग्रक्रम देणारा कायदा लावला होता. म्हणजे वॉशिंग्टनने पुण्याला अडवले आणि दिल्लीने आफ्रिकेला. १९४२ साली आपण जावाकडे ज्या नजरेने पाहत होतो, त्याच नजरेने २०२१ साली कुणी तरी आपल्याकडे पाहत होते.

अगदी अलीकडची गोष्ट सांगतो. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेत नवे अध्यक्ष अधिकारावर आले. त्याच दिवशी त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचा आदेश काढला आणि परदेशी मदत रोखून धरली. मदत वाटणारी यूएसएड ही संस्था १ जुलै २०२५ पासून बंद झाली, आणि २२ जानेवारी २०२६ ला अमेरिका संघटनेबाहेर पडली. आफ्रिकेतल्या अनेक देशांत औषधांची दुकाने आणि दवाखाने अडचणीत आले. आपल्याकडेही कल्याण, पुणे आणि हैदराबाद इथे तृतीयपंथी लोकांसाठी चालवलेले तीन दवाखाने पैसा थांबताच बंद पडले. आधीच ज्यांना कुठल्या दवाखान्यात धड वागणूक मिळत नाही, त्यांचे हक्काचे दार मिटले. पुढे हैदराबादचा दवाखाना देशातल्याच एका धर्मादाय निधीच्या मदतीने पुन्हा उघडला. मात्र साखऱ्याच्या लसीकरणाची पेटी त्या जानेवारीतही आली, फेब्रुवारीतही आली. कारण आपल्या बालकांच्या लसीकरणाचा बहुतेक खर्च आता आपल्याच तिजोरीतून होतो आणि लशीही बहुतेक आपल्याच देशात होतात.

श्रोतेहो, या सगळ्या गोष्टींतून मला एवढेच सांगायचे आहे. परक्या मदतीला नाही म्हणण्याचे कारण नाही. हाफकिन परके होते, देवीची लस परक्यांची होती, पिंपरीची यंत्रे परक्यांची होती. त्यांना आपण दाराबाहेर उभे केले असते तर नुकसान आपलेच झाले असते. पण मदत दोन प्रकारची असते. एक पोत्यात भरून येते आणि पोते रिकामे झाले की संपते. दुसरी बियाण्यासारखी येते. ते बियाणे पेरायचे की भाजून खायचे, हे ज्याच्या हाती पडते त्याने ठरवायचे असते. शेतकऱ्याला हा फरक समजावून देण्याची गरज नाही. आणि आपल्या शेतात पिकायला लागले म्हणजे शेजाऱ्याच्या पडत्या वर्षी आपली कणगी उघडी ठेवायची की झाकायची, हाही प्रश्न येतोच. २०२१ साली तो आपल्यापुढे आला होता आणि पुन्हाही येईल.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवितो. वर्गात जगाचा नकाशा भिंतीवर लावा आणि मुलांकडून त्यावर ओडेसा, पॅरिस, मुंबई, जावा, मिनिआपोलिस, बनगाव, पुणे आणि आपला गाव अशा खुणा करून घ्या. मग प्रत्येक ठिकाणी कोणत्या साली काय घडले आणि त्यामुळे आपल्या दवाखान्यात काय आले किंवा काय येईनासे झाले, ते मुलांना सांगा. मुलांना घरी आजी-आजोबांच्या दंडावरचे वण पाहून यायला सांगा आणि फवारणीच्या, देवीच्या आठवणी विचारून लिहून आणायला सांगा. ती माणसे आहेत तोवर हे करून घेतले पाहिजे. इतिहास म्हणजे केवळ राजांच्या सनावळ्या, अशी मुलांची समजूत असते; त्या सनावळ्यांतली एखादी तारीख आपल्या आजोबांच्या दंडावर उमटलेली आहे हे पाहिल्यावर ती समजूत टिकणार नाही.

आणि आयाबहिणींना एवढेच सांगणे की, लसीकरणाच्या दिवशी मुलाला जरूर न्या. मनात शंका असेल तर नर्सबाईंना ती बेलाशक विचारा. विचारण्यात काही वावगे नाही. त्या बाटलीसाठी कितीतरी माणसांनी देश सोडले आहेत, अपमान सोसले आहेत, स्वतःच्या अंगात सुई टोचून घेतली आहे. एवढ्या लांबून आलेली ती बाटली आपल्या गावाच्या वेशीवरून न वापरता परत जाऊ नये.